दुधात भिजवलेली कणीक

चैत्र संपत आला की आमच्या गल्लीत गहू आंबल्याचा वास येतो. तीन दिवस भिजलेले गहू, रोज बदललेलं पाणी, मग पाट्यावर वाटून गाळलेला पांढरा चीक. ज्यांना हा वास आवडतो त्यांना तो फार आवडतो. मला तो आला की आधी मनगटं दुखायला लागतात. उन्हाळी कामं अजून सुरूही झालेली नसतात, कुरड्यांचा सोऱ्या माळ्यावरून खाली यायचा असतो, आणि मी मात्र आधीच दमलेली असते. गेली दहा वर्षं हे असंच चाललं आहे.

यंदा त्यात विमलची भर पडली. विमल माझी धाकटी जाऊ. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे, रांगतो, आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. परवा त्यानं अंगणातली काळी माती खाल्ली, तर ती त्याला तसाच काखोटीला मारून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, कुंदाले तुमी काय देत होत्या वो खेळायले? पोटात गेलं तरी चालणारं? मलेही सांगा ना."

कुंदा माझी मुलगी. मी तेव्हा पोळ्यांची कणीक मळत होते. "सांगीन सावकाश," म्हटलं. तिला वाटलं, मी कामात आहे. खरं म्हणजे कृती सांगायला कितीसा वेळ लागतो? कणीक मंद आचेवर भाजायची, कोमट दुधात भिजवायची, तुपाचा हात लावायचा, चिमूटभर हळद घालायची. झालं. पण ते सांगायचं म्हणजे तो सगळा उन्हाळा पुन्हा काढायचा, आणि तेवढी हौस आता माझ्यात उरलेली नाही.

कुंदा तेव्हा वर्षाची होत होती. हिवाळ्यात मी तिला घेऊन अकोल्याला माहेरी गेले होते. कापसाचे दिवस. जिनिंग गिरणीकडे जाणाऱ्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला, बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले. तिथं तिला ताप आला, दोन-तीन दिवस राहिला आणि उतरला. मुलांना ताप येतातच. आईनं दृष्ट काढली, परतीच्या वाटेसाठी डबा भरून दिला, आणि आम्ही मायलेकी अमरावतीला परत आलो. घरी कोणी विचारलं तर मी "जरा अंग तापलं होतं" एवढंच सांगत होते. मलाही तेवढंच ठाऊक होतं.

आमचं घर भिक्षुकाचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावात पूजा सांगायचे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, घरातलं सोवळं सांभाळायच्या. माझे यजमान अचलपूरला कोर्टात कारकून. शनिवारी एसटीनं यायचे, सोमवारी सकाळी परत जायचे. अशा घरात कुठल्या हातानं काय करायचं हे मुलांना शिकवावं लागत नाही, घरातली माणसं उठता-बसता सांगतच असतात. अकोल्याहून आल्यावर कुंदा सगळं डाव्या हातानं घ्यायला लागली, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे वळल्या. "उजव्या हातानं घे, बाई. देवाचं डाव्या हातानं नाही घ्यायचं." मामंजी तिच्या डाव्या मुठीतला बत्तासा काढून उजव्या तळव्यावर ठेवायचे. तो पडायचा. ते उचलून, फुंकून पुन्हा ठेवायचे. तो पुन्हा पडायचा.

"डावखुरी आहे आपली नात," मामंजी हसून म्हणायचे.

आत्याबाई हसत नसत. "हट्टी आहे. माहेरी लाडावून आणली तू तिले."

मग त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची एक छोटी पिशवी शिवली, मनगटाशी नाडीची. प्रसादाच्या आणि जेवणाच्या वेळी ती कुंदाच्या डाव्या हाताला बांधायची, म्हणजे उजवा पुढे येईल. यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर घरात कोणालाच वाटलं नाही. डावखुऱ्या पोरांना वळण लावायची ती रीतच होती. पिशवी मऊ होती. कुंदा पहिल्यांदा रडली, नंतर पिशवी चोखून ओली करायला लागली, नंतर तिच्याकडे नुसती बघत बसायला लागली. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. आम्ही तिचा हट्ट सुटायची वाट पाहत होतो.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी तिच्यासमोर गुळाचा खडा ठेवला होता. डाव्या हाताला पिशवी होती. गुळाला मुंगळा लागला आणि तिथून तिच्या उजव्या हातावर चढला. तिनं त्याला पाहिलं. ओठ थरथरले. मुंगळा मनगटावरून कोपराकडे निघाला. तिनं पिशवीतला डावा हात आपटून त्याला झटकायचा प्रयत्न केला, पुन्हा केला, आणि मग माझ्याकडे बघून किंचाळली. उजवा हात तिनं हलवला नाही. हट्ट करणारं मूल मुंगळ्यापुढे हट्ट करत नाही. मी हातातलं टाकून धावले, मुंगळा झटकला, पिशवी सोडली, आणि तिचा उजवा हात वर उचलून सोडून दिला. तो पडला. बोटं किंचित हलत होती, एवढंच.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या उठल्या आणि देवघरात जाऊन बसल्या. त्या दिवशी मामंजींच्या पानात मीठ वाढायला त्या विसरल्या आणि मामंजींनीही ते मागितलं नाही.

राजापेठेतल्या डॉक्टरांनी हात दाबून, हलवून पाहिला, कोपरावर ठोकून पाहिलं, आणि ताप कधी आला होता ते विचारलं. तेव्हा त्यांनी त्या तापाचं नाव सांगितलं. ते नाव मी घरात फक्त ह्यांना सांगितलं. "स्नायूंत थोडा जीव आहे," डॉक्टर म्हणाले, "तो वाढवायचा. मालिश करा, पण मालिश करताना तुमचा हात चालतो, तिचा नाही. तिनं स्वतः दाबलं पाहिजे, ओढलं पाहिजे. तिला आवडेल असा खेळ द्या. पावसाळ्यापर्यंत जेवढं येईल तेवढं तिचं. पुढे फार आशा धरू नका." मी घरी आले तेव्हा दुपार झाली होती. अंगणातल्या बाजेवर शेजाऱ्यांचे पापड वाळत होते. मला वाटलं, म्हणजे माझ्याकडे एवढा एकच उन्हाळा आहे.

खेळ द्या, असं डॉक्टर म्हणाले. खुळखुळा त्या हातात राहत नव्हता. लाकडी बैल जड. ओल्या मातीचा गोळा दिला तर ती सरळ तोंड खाली नेऊन तोच खायची. त्या वयात खेळायचं आणि खायचं हे वेगळं नसतंच. तेव्हा जे मऊ आहे, दाबलं तर दबतं, आणि तोंडात गेलं तरी पोटाला बाधत नाही, असंच काहीतरी हवं होतं. ते घरात एकाच जागी मिळणार होतं. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे त्या दिवसापासून निराळ्या नजरेनं पाहायला लागले.

पहिला मिळाला तो कुरड्यांचा चीक. मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढला, शिजवला, कोमट केला आणि परातीत ओतून तिचा उजवा हात त्यात ठेवला. चीक बोटांमधून वर आला. तिनं हाताकडे पाहिलं, आणि बोटं एकदा आत ओढली. मग तिनं परातीत तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी शिजवलेला साबुदाणा दिला. ते थंड, गुळगुळीत मणी तिच्या तळव्याखालून पळायचे आणि ती हसायची. भिजवलेले पोहे अंगाला चिकटायचे, ते तिला आवडले नाहीत. लाल भोपळा वाफवून दिला तर तिनं भिंत रंगवली. दही दिलं तर सगळं दही मी पुसलं. यातली प्रत्येक गोष्ट किती सैल, किती घट्ट असावी हे मला हळूहळू कळत गेलं. घट्ट झालं तर तिच्या बोटांना ते दबायचं नाही आणि ती सोडून द्यायची. फार सैल झालं तर हाताला चिकटून राहायचं आणि ती घाबरायची. कणीक सगळ्यांत चांगली होती, कारण ती दाबून झाल्यावरही तिथंच राहायची आणि तिची वाट बघायची.

पण हे सगळं भिक्षुकाच्या घरात चाललं होतं. भिजवलेलं, शिजवलेलं धान्य म्हणजे खरकटं. ते जिथं सांडेल ती जागा पुसल्याशिवाय सोवळ्यातल्या माणसानं तिथून जायचं नाही. कुंदा परातीतून निघायची आणि खरकट्या हातानं उंबऱ्याला, माजघराच्या खांबाला, एकदा मामंजींच्या आसनाला लागायची. मग मी ओलं फडकं घेऊन तिच्यामागे. सकाळी पुसायचं, दुपारी पुसायचं, आणि मध्ये पाणी भरायचं, कारण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. पाठ मोडायची. फडकं पिळताना डोळ्यांसमोर अंधारी यायची आणि मी तशीच ओल्या फरशीवर बसून राहायची.

"अन्नाचा असा चिखल करून राहिली ती, पाहवत नाही मले," आत्याबाई एकदा म्हणाल्या. "लोकायले खायले नाही."

"मग काय करू, आत्याबाई? मातीत बसवू तिला?"

मी असं कधी बोलत नसे. मला त्यांचा राग होता. पिशवी त्यांनी बांधली होती, आणि चिखलही त्यांनाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर कणीक भाजून ठेवलेली, आणि आत्याबाई ती दुधात भिजवत बसलेल्या. प्रवासाला निघताना दशम्या करतात त्या दुधात भिजवून, कारण दुधात भिजवलेलं खरकटं होत नाही, कुठंही नेता येतं, सोवळ्यातही चालतं. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण पोरीच्या खेळाशी त्याचा संबंध लावायचं मला सुचलं नव्हतं.

"पाण्यानं नको भिजवत जाऊ," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दुधाचं आहे तं घरभर हिंडू दे तिले. पुसत नको बसू."

मी खाली बसले. कितीतरी दिवसांनी त्या सकाळी मी फडकं हातात धरलं नाही.

दूध मात्र घरात मोजकंच येत होतं. मामंजींच्या पूजेचं, कुंदाचं, आणि आत्याबाईंचं पेलाभर. त्या एकदाच जेवायच्या, संध्याकाळी फक्त पेलाभर दूध. कणकेचं दूध कुठून येतं हे कळायला मला आठवडा लागला, कारण मी कामानं इतकी आंधळी झाले होते. दिवेलागणीला त्या पेल्यात पाणी घेऊन प्यायच्या आणि पेला पालथा घालून ठेवायच्या. मी एकदा माझ्या वाटचं ताक पुढे केलं, तर "रात्रीचं ताक बाधते मले," म्हणून त्यांनी सरकवलं. माझा राग गेला नाही. पण आता तो राग धरून ठेवायलाही मला कष्ट पडायला लागले.

हळद ही माझी. दुधाच्या कणकेत चिमूटभर हळद घातली की कुंदाचा हात पिवळा व्हायचा, आणि दिवसभरात कुठलं बोट किती वापरलं हे तिच्या तळव्यावर दिसायचं. ऊन कलल्यावर मी तिला मांडीवर घेऊन तो तळवा दाराच्या उजेडाकडे धरायची. आधी नुसता मनगटाजवळचा उंचवटा पिवळा. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मधलं बोट फिकट. अंगठा कितीतरी दिवस पांढराच राहिला. आत्याबाईही येऊन वाकून बघायच्या. शनिवारी ह्यांचा पहिला प्रश्न तोच असायचा, "आज कुठपर्यंत?" आणि मी म्हणायची, "तिथंच आहे."

तिथंच राहिलं, कारण डावा हात होता ना. तो हुशार होता. गोळा पुढे ठेवला की तो आधी यायचा, ओढायचा, तोंडात घालायचा, आणि उजव्याला काही करावंच लागायचं नाही. वैशाख सरत आला. एक दिवस मी ट्रंकेच्या मागे पडलेली ती लुगड्याची पिशवी शोधून काढली, धुतली, आणि कुंदाच्या डाव्या हाताला बांधली. ती रडायला लागली. बांधल्यावर काय होतं हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

आत्याबाई धावत आल्या. "काहून बांधून राहिली? सोड तिले."

"डावा मोकळा असला की उजवा पडून राहतो, आत्याबाई."

"मी बांधली तवा मले ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "तुले तं ठाऊक आहे. ठाऊक असून बांधते तू?"

मी नाडीची गाठ मारली. कुंदा रडत होती, आत्याबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि मी पिवळा गोळा तिच्या उजव्या हाताखाली सरकवत होते. तीच पिशवी, तोच हात, तेच रडणं. त्यांनी ते चुकीनं केलं होतं आणि मी जाणूनबुजून करत होते. त्यापुढे रोज सकाळी थोडा वेळ आणि दुपारी थोडा वेळ असं चालू राहिलं. आत्याबाई तेवढा वेळ परसात जाऊन बसायच्या. ऊन असायचं, तरी बसायच्या.

त्याच दिवसांत सरगुंडे करायला ओसरीवर बायका जमल्या होत्या. मऊ कणकेचा लांब धागा काढून काडीवर गुंडाळायचा आणि वाळवायचा, रसाबरोबर खायला. सगळ्यांच्या मध्ये कुंदा बसलेली, एका हाताला पिशवी, दुसऱ्याखाली गोळा. पलीकडच्या शेतकऱ्यांच्या घरातली एक बाई बघत होती. तिनं सहजच विचारलं, "काहून वं, पोरीच्या हाताले काय झालं?"

मी मान वर केली नाही. काडीवरचा धागा तुटला.

"काई नाही झालं," आत्याबाई म्हणाल्या. "सरगुंडे शिकून राहिली. तुह्या पोरीले तं अजून येत नाही." बायका हसल्या आणि विषय आंब्यांवर गेला.

कुंदा आता अकरा वर्षांची आहे. उजवा हात डाव्यापेक्षा बारीक आहे, खांद्याशी जरा खोल. लिहिते डाव्या हातानं, जेवते उजव्या हातानं. वेणीचा पेड घट्ट बसत नाही म्हणून ती सकाळी कंगवा घेऊन माझ्यासमोर येते, आणि मी घाईत असले तरी घालून देते. त्या उन्हाळ्यातलं तिला काही आठवत नाही, आणि मी तिला सांगितलेलंही नाही. आत्याबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात त्या कुंदाच्याच हातानं पाणी प्यायच्या, उजव्या हातानं पाज म्हणायच्या नाहीत, पण ती आपसूक उजव्यानंच पाजायची. मी दारातून पाहायची आणि कामाला लागायची. आत्याबाई आणि मी त्या पिशवीबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा दिवसाचं काम संपलं की तोंड उघडायचीही ताकद नसायची.

विमलला मी काल कृती सांगितली. दूध किती, कणीक किती, हळद घातली तर भिंती पिवळ्या होतील हेही सांगितलं. ती खूष झाली. तिच्या पोरानं दोन्ही हातांनी गोळा उचलला, चावला, आपटला, कुत्र्याच्या अंगावर फेकला. मी बघत बसले. दोन्ही हात असे एकदम उठतात हे बघायला मला अजून बरं वाटतं, आणि थोडं दुखतंही.

कुंदाच्या त्या उन्हाळ्यात ज्येष्ठ निम्मा सरला होता. ढग यायचे आणि जायचे. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली होती, आणि अंगठा जेमतेम पिवळा व्हायला लागला होता. त्या दुपारी घरात कोणी नव्हतं. मामंजी आणि आत्याबाई कुठल्याशा मुंजीला गेलेले. मी पहाटेपासून उठलेली, पाणी भरून, दळण उरकून माजघरात फरशीवर आडवी झाले. ओला पदर डोळ्यांवर घेतला. कुंदा शेजारी बसली होती, पुढ्यात गोळा. डाव्या हाताची पिशवी सुटून खाली पडली होती, हे मला दिसलं होतं. उठून बांधायला हवी, हेही कळत होतं. मी उठले नाही. जे होईल ते होवो, असं वाटण्याइतकी मी दमले होते.

डोळा लागत होता तेवढ्यात ओठांना काहीतरी मऊ लागलं. मी पदर बाजूला केला. कुंदाचा डावा हात माझ्या बांगड्यांशी खेळत होता, पिशवी नसलेला, मोकळा. उजवा हात खांद्यापासून थरथरत माझ्या तोंडापर्यंत आला होता, आणि चिमटीत धरलेला कणकेचा तुकडा ती माझ्या ओठांत कोंबत होती. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कोणी बांधलं नव्हतं. उठून तिला उराशी धरावं, शेजारी धावत जाऊन सांगावं असं काहीच माझ्याच्यानं झालं नाही. मी तो घास चावला, गिळला, आणि ती दुसरा आणेपर्यंत तशीच तोंड उघडं ठेवून पडून राहिले.